पडद्यावरची वस्ती, घरातली खुर्ची

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आई मुलाला पुढे करून दवाखान्यात यायची आणि म्हणायची, "डॉक्टर, हा दिवसभर संगणकावर खेळत बसतो, आता तुम्हीच काहीतरी सांगा." अलीकडे तीच तक्रार उलट्या दिशेने येऊ लागली आहे. आता सून सासऱ्यांना घेऊन येते किंवा लेक आईला घेऊन येते. रक्तदाब मोजून झाला, गोळ्यांची चिठ्ठी लिहून झाली, की दबक्या आवाजात विचारते, "नातवाने यांना गेमची सवय लावली आहे. या वयात हे बरे का?" बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन गावांतून अशी चार कुटुंबे माझ्याकडे आली. त्यांपैकी एका कुटुंबाची हकिगत त्यांच्या परवानगीने येथे सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

काकांचे वय ७६. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उमेदीची सारी वर्षे काढली. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने, पण आटोक्यातले. दोन वर्षांपूर्वी पत्नीचे निधन झाले. एकट्याने राहणे कठीण, म्हणून मुलाने त्यांना बदलापूरला आपल्या सदनिकेत आणले. मुलगा आणि सून दोघेही सकाळच्या लोकलने मुंबई गाठणारे, नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. घर नीटनेटके, माणसे प्रेमळ. काकांची सोय हॉलमधल्या दिवाणावर केलेली. जुन्या घरातले लोखंडी कपाट भंगारात गेले, लाकडी खुर्ची शेजाऱ्यांना दिली, हत्यारांची पेटी माळ्यावर चढवली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. साडेपाचशे चौरस फुटांत दोन संसारांचे सामान मावत नाही, हे आपण सारेच जाणतो.

तरीही काका मिटत गेले. संध्याकाळचे फिरणे थांबले, जेवण निम्म्यावर आले, वजन तीन किलोंनी उतरले. थायरॉईड, हिमोग्लोबिन, ब१२ जीवनसत्त्व, सारे तपासून झाले. वजन उतरावे असे त्यांत काही सापडले नाही. विचारले तर एकच उत्तर, "मला काय, मी आहे बसलेला." आपल्याकडे वृद्धांचे नैराश्य रडत येत नाही, ते असे बसून राहते.

दिवाणाच्या समोरच नातवाचा संगणक. रात्री तो 'फॉलआउट ४' नावाचा खेळ खेळतो. एके दिवशी मागून आवाज आला, "अरे, ती वायर तशी लोंबकळत कशाला ठेवलीस? खांब टाक की मध्ये." नातवाने वळून पाहिले. पुढच्या पंधरा दिवसांत आजोबा दिवाणावरून उठून खुर्चीत आले, आणि महिनाभरात खेळातल्या एका अख्ख्या वस्तीची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. रोज संध्याकाळी तासभर. सूनबाईंना चिंता तीन गोष्टींची होती: त्यात बंदुका आहेत, डोळ्यांवर ताण येतो, आणि लोक काय म्हणतील. तिसऱ्या चिंतेवर माझ्याकडे औषध नाही. पहिल्या दोन रास्त होत्या, म्हणून मी नातवालाच दवाखान्यात बोलावले आणि म्हटले, खेळ नीट समजावून सांग.

तोच खेळ आता तुम्हांलाही सांगतो, कारण घरात काय चालले आहे हे कळल्याशिवाय बरे-वाईट ठरवता येत नाही. हा खेळ बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने २०१५ च्या नोव्हेंबरात बाजारात आणला. कथा अशी: २०७७ साली अणुयुद्ध होते. नायक जमिनीखालच्या आश्रयस्थानात शीतनिद्रेत राहतो आणि २२८७ मध्ये बाहेर येतो. तोपर्यंत त्याच्या जोडीदाराची हत्या झालेली असते, तान्हे मूल पळवले गेलेले असते, आणि ज्या गल्लीत त्याचा संसार होता ती ओसाड पडलेली असते. कथेप्रमाणे मुलाचा शोध घ्यायचा, वाटेत लढाया करायच्या. त्यात भरपूर हिंसा आहे आणि हा खेळ प्रौढांसाठीच आहे, हे आधी स्पष्ट करतो. शाळकरी नातवंडांच्या घरात तो नको.

परंतु याच खेळात एक दुसरा खेळ दडलेला आहे. पडकी घरे, गंजलेल्या मोटारी, वाळलेली झाडे मोडायची. त्यातून निघालेले लाकूड, पोलाद, तांबे साठवायचे. आणि त्या साहित्यातून वस्ती उभी करायची. एकेक करून माणसे राहायला येतात. प्रत्येकाला अन्न, पाणी आणि निजायला जागा हवी. म्हणून मका-गाजरे लावायची, हातपंप बसवायचा, खाटा टाकायच्या. खाट छपराखाली नसेल तर माणसे नाखूश राहतात. पहारा कमी पडला तर लुटारू येतात. जनरेटर लावून तारा ओढल्या की दिवे लागतात. शेतावर कोण जाईल, पहाऱ्यावर कोण बसेल, दुकान कोण चालवील, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. वस्तीतली माणसे कितपत सुखी आहेत याचा एक आकडा पडद्यावर दिसतो. अन्न, पाणी, छपराखालची खाट, संरक्षण आणि दुकाने यांवर तो वरखाली होतो.

याखेरीज सजावट असते. भिंतीवर चित्र, कोपऱ्यात दिवा, दारापुढे पायपुसणे, फळीवर बरणी. गंमत अशी की नुसत्या चित्राने किंवा बरणीने सुखाचा तो आकडा हलत नाही. खेळाच्या हिशोबात त्यांना किंमत नाही. तरीही जगभरातली माणसे तासन्‌तास त्यातच रमतात, आणि आमचे काकाही त्यातच रमले होते. नातू म्हणाला, "डॉक्टरकाका, आजोबांनी परवा एक खुर्ची खिडकीजवळ नेली, मग वळवली, मग परत मागे घेतली. वीस मिनिटे गेली. मी म्हटले, आजोबा, याचे पॉइंट नाही मिळत. तर म्हणाले, बसणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येतंय."

हे ऐकून मला उल्हासनगरच्या एका अम्मांची आठवण झाली. ज्यांच्या घरी मी वर्षानुवर्षे जातो अशा जुन्या सिंधी घरांपैकी हे एक. उल्हासनगरचा इतिहास तरुण वाचकांना ठाऊक नसेल. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली सुमारे एक लाख माणसे या बराकींत आणून वसवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले. 'कॅम्प नंबर' आणि 'बॅरेक नंबर' पत्त्यांत आजही टिकून आहेत. टपालाने अहवाल पाठवताना मीही तेच लिहितो.

अम्मा त्या वेळी पाच-सहा वर्षांच्या होत्या. एका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे पडदे. पलीकडच्या बाळाचे रडणे आणि पलीकडच्या म्हाताऱ्याचा खोकला सारे ऐकू यायचे. त्या सांगतात, आईने पहिल्या दिवशी तीन विटा मिळवल्या आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवली. दुसऱ्या दिवशी गोणपाटाच्या कडेला जुन्या ओढणीची किनार शिवली. "अम्मा, पोटाला पुरेसे नव्हते, मग किनार कशाला?" असे मी एकदा विचारले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की प्रश्न तिथेच विरघळला. मग म्हणाल्या, "बेटा, त्या बाजूने सरकारचा पडदा होता. किनार लावली, मग आमचा झाला."

आमच्या या पट्ट्यातले प्रत्येक गाव असेच कोणीतरी नव्याने मांडलेले आहे. अंबरनाथ कारखान्यांमागे वाढले. बदलापूर तर आमच्या डोळ्यांदेखत वाढले. मुंबईतल्या चाळीतले खोलीभर बिऱ्हाड विकून, दोन खोल्या आणि एक गॅलरी मिळते म्हणून कितीतरी कुटुंबे येथे आली. सकाळच्या गाडीला लटकत त्यांनी ते घर उभे केले. आज त्या पिढीचे वय ७० च्या पुढे आहे. घर मांडणे हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम होते, आणि म्हातारपणी नेमके तेच काम त्यांच्या हातून निघून जाते. कपाट कुठे असावे हे मुलगा ठरवतो, पडद्याचा रंग सून ठरवते, निजण्याची जागा पाहुण्यांच्या सोयीने ठरते. मायेने ठरते, पण दुसरा कोणीतरी ठरवतो.

याचा प्रकृतीशी संबंध काय, असे कोणी विचारील. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात एक साधा प्रयोग केला. त्यात ९१ रहिवासी होते. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले, तुमच्या खोलीतले सामान कसे मांडायचे ते तुम्ही ठरवा, वेळ कसा घालवायचा ते तुम्ही ठरवा. हे एक रोप घ्या, त्याची निगा तुम्ही राखा. दुसऱ्या मजल्यावर सांगितले, आम्ही तुमची खोली छान ठेवू, रोपाला पाणी परिचारिका घालतील. दोन्हीकडे वागणूक सारखीच सौजन्याची. तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक आनंदी, अधिक सावध आणि अधिक हालचाल करणारी आढळली, आणि दीड वर्षानंतरही त्यांची प्रकृती तुलनेने बरी होती. प्रयोग लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण माझ्या रोजच्या अनुभवाशी तो इतका जुळतो की मला तो विसरता येत नाही.

आम्हा डॉक्टरांचा हिशोबही त्या खेळासारखाच अपुरा असतो. वृद्ध माणूस किती स्वावलंबी आहे हे मोजण्यासाठी 'बार्थेल निर्देशांक' नावाचे कोष्टक १९६५ पासून वापरात आहे. जेवण, अंघोळ, कपडे, शौच, जिना, चालणे अशा दहा बाबी आणि एकूण १०० गुण. उपयुक्त कोष्टक आहे, पक्षाघाताच्या रुग्णांसाठी मीही वापरतो. आमच्या काकांना त्यात १०० पैकी १०० मिळाले असते. आपली खुर्ची कुठे असावी हे त्यांना ठरवता येते का, असा रकाना त्यात नाही.

मेंदूबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. जागा लक्षात ठेवणे, वाट शोधणे, वस्तू कुठे ठेवली ते आठवणे, ही कामे मेंदूच्या आतल्या 'हिप्पोकॅम्पस' या भागावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. अल्झायमरमध्ये फार लवकर झिजणाऱ्या भागांपैकी तो एक. २०१७ साली कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी ५५ ते ७५ वर्षांच्या काही निरोगी व्यक्तींना सहा महिने 'सुपर मारिओ ६४' हा त्रिमितीय जगात फिरण्याचा खेळ खेळायला दिला. त्यांच्या मेंदूच्या प्रतिमांत हिप्पोकॅम्पसमधील करड्या द्रव्यात वाढ दिसली. अभ्यास जेमतेम तेहतीस जणांचा आणि खेळही वेगळा. म्हणून 'गेम खेळा, स्मृतिभ्रंश टाळा' असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका; तसे सिद्ध झालेले नाही. रोज अर्धा तास चालणे, रक्तदाब आवरणे आणि ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्र लावणे यांमागचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. खेळाने मेंदू झिजतो ही भीती मात्र या वयात तरी अनाठायी आहे, एवढे मी सूनबाईंना सांगू शकलो.

मग मी काकांना विचारले, "काका, त्या वस्तीत तुम्ही एवढे घर मांडले. इथल्या घरात काय मांडलेत?"

ते हसले. "इथं काय मांडायचं डॉक्टरसाहेब? इथं सगळं मांडलेलंच आहे. मी आलो तेव्हाच होतं."

सूनबाई शेजारीच होत्या. त्यांचा चेहरा उतरला, आणि मला त्यांच्याबद्दलही वाईट वाटले. पहाटे पाचला उठून डबे करणारी, सासऱ्यांच्या इन्सुलिनची वेळ लोकलमधून फोन करून सांभाळणारी बाई ती. काकांची हत्यारांची पेटी तिने माळ्यावर टाकली, कारण ते तिला अडखळून पडता पडता वाचले होते. पाय टेकायचे लाकडी चौरंगही त्याच कारणाने काढले. वैद्यकीयदृष्ट्या तिचे काहीही चुकलेले नव्हते. वृद्धांचे खुब्याचे हाड मोडण्याची सुरुवात बहुधा अशाच क्षुल्लक अडथळ्याने होते, हे मी या सदरात अनेकदा लिहिले आहे. शुश्रूषा करणाऱ्या माणसाला सुरक्षितता आणि मन यांतून निवड करावी लागते तेव्हा ती सुरक्षितता निवडते. दोष कोणी द्यावा?

पण बहुतेक वेळा अशी निवड करावीच लागत नाही. मी कागदावर त्यांच्या हॉलचा चौकोन काढून तो काकांपुढे सरकवला आणि म्हटले, "खेळात पहारा कमी पडला तर लुटारू येतात. इथला लुटारू म्हणजे रात्री बाथरूमला जाताना पडणे. आता तुम्हीच वस्ती मांडा." फिटर माणूस! त्यांनी पेन घेतले, दिवाणापासून संडासापर्यंतची वाट आखली, आणि दोन मिनिटांत तीन गोष्टी दाखवल्या ज्या मला दिसल्या नव्हत्या. बाथरूमचा दिव्याचा खटका दाराच्या उलट्या बाजूला आहे. बेसिनखालचा पाइप ठिबकतो, त्याने लादी ओली राहते. दिवाण इतका बुटका आहे की उठताना गुडघ्यांवर सारा भार येतो. दिवाण खिडकीकडे सरकवावा, त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे द्यावेत, भिंतीला धरायला दांडी बसवावी, असे त्यांनीच सुचवले. दांडीसाठी हत्यारे लागणार होती, म्हणून पेटी माळ्यावरून उतरली. ती आता खिडकीखालच्या फळीवर आहे, पायांत येत नाही. भिंतीला भोके नातवाने पाडली. ते काम काकांनी करू नये, हे मी निक्षून सांगितले होते.

चमत्कार झाला, असे सांगणार नाही. साखर होती तशीच आहे. पत्नीच्या आठवणीने ते अजून गप्प होतात, आणि होणारच. पण वजन दीड किलोने परतले आहे. सोसायटीतल्या दोन-तीन घरांत धरायच्या दांड्या कुठे बसवाव्यात हे पाहायला ते जातात, म्हणजे जिने चढतात. खेळ चालू आहे. यांतल्या कशाने किती गुण आला, हे वेगळे काढून दाखवणे मला शक्य नाही. औषधांच्या बाबतीतही ते नेहमी शक्य असते असे नाही.

आता ज्या घरांत आजी-आजोबा असा खेळ खेळू इच्छितात, त्यांच्यासाठी काही वैद्यकीय गोष्टी. या खेळात पात्राच्या डोळ्यांतून जग दिसते, आणि पडदा भर्रकन वळला की पुष्कळ ज्येष्ठांना मळमळ आणि चक्कर येते. ही चक्कर मानेची किंवा रक्तदाबाची नव्हे, डोळे आणि कानातील तोल यांच्यातला विसंवाद आहे. पात्र पाठीमागून दिसेल अशी सोय खेळात आहे, ती वापरावी, आणि वळणे हळू ठेवावे. लढाया नातवाने कराव्यात किंवा खेळ सर्वांत सोप्या पातळीवर ठेवावा. बंदुका मुळीच नको असतील तर 'माइनक्राफ्ट' हा खेळ त्याच्या शांत पद्धतीने खेळता येतो. त्यात राक्षस येत नाहीत, नुसते बांधत बसावे. निन्टेंडोचा २०२० सालचा 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' हा तर निव्वळ बेट सजवण्याचा खेळ आहे, पण त्याला निराळे यंत्र लागते.

अर्ध्या तासाने उठावे. पायांवर सूज येणाऱ्यांनी तर नक्कीच. पुरुषमंडळी प्रोस्टेटचा त्रास असताना 'हे एवढे घर होऊ दे' म्हणून लघवी रोखून बसतात, मग रात्रभर त्रास होतो. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मधूनमधून खिडकीबाहेर लांबवर पाहावे. संगणकाच्या आणि कंट्रोलरच्या वायरी येण्याजाण्याच्या वाटेवर नकोत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ पुढे ढकलू नये. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर दोन आठवडे थांबावे. अपस्माराचा आजार असणाऱ्यांनी लखलखाट असलेले खेळ आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नयेत. आणि बँकेचे कार्ड किंवा यूपीआय खेळाशी जोडू नये. हा वैद्यकीय सल्ला नाही, पण पैसे गेल्यावर रक्तदाब माझ्याकडेच मोजायला येतात.

सवय आणि व्यसन यांतली सीमारेषा पुष्कळ जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार समाविष्ट आहे. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याचे निदान करण्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे, ही लक्षणे साधारणपणे बारा महिने असावी लागतात. संध्याकाळचा एक तास हे व्यसन नव्हे.

एका गोष्टीकडे मात्र घरच्यांनी डोळसपणे पाहावे. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांना दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काही जणांत एखाद्या गोष्टीचा अनावर ध्यास उत्पन्न होतो. जुगार, खरेदी, खाणे, किंवा असा खेळ. शांत स्वभावाचे आजोबा अचानक रात्री तीन वाजेपर्यंत खेळू लागले, टोकल्यावर चिडू लागले, पैसे उडवू लागले, तर स्वभाव बिघडला असे समजून भांडू नका. औषधही आपल्या मनाने बंद करू नका, ते एकाएकी थांबवणे धोक्याचे ठरू शकते. ज्यांनी ते दिले त्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवा.

मध्यम किंवा त्यापुढच्या स्मृतिभ्रंशात असे खेळ देऊ नयेत. पडद्यावरचे आणि खरे यांतला भेद पुसट होतो, 'ती माणसे उपाशी आहेत' म्हणून आजी रात्री स्वयंपाकघरात जातात. अशा रुग्णांच्या खोलीची मांडणीही उठसूट बदलू नये. चष्मा, तांब्या, देवाची तसबीर वर्षानुवर्षे जिथे होती तिथेच ठेवा. त्यांच्यासाठी जुनी जागा हीच वाट दाखवणारी खूण असते.

संगणक नसलेल्या घरांनी हिरमुसण्याचे कारण नाही. आपल्याकडे वस्ती मांडण्याचा खेळ फार पूर्वीपासून आहे. भातुकलीत आपण काय केले? आणि दिवाळीचा किल्ला म्हणजे तरी काय? गोणपाट, विटा, माती, त्यावर पेरलेले अळीव, पायथ्याशी विहीर आणि बाजार, बुरुजावर मावळे, वर सिंहासनावर महाराज. अंबरनाथ-बदलापूरच्या सोसायट्यांत अजूनही मुले किल्ले करतात. आजोबांना तिथे नुसते कौतुक करायला बोलावू नका, बालेकिल्ला कुठे आणि तलाव कुठे हे त्यांना ठरवू द्या. फक्त उकिडवे बसायला लावू नका, पाठीचे स्टूल द्या, आणि दम्याचा त्रास असेल तर माती आधी भिजवून घ्या. अंबरनाथचे शिवमंदिर ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, शके ९८२ मधल्या, म्हणजे इ.स. १०६० मधल्या त्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर हातभर जागाही कारागिरांनी मोकळी सोडलेली नाही. देवाला पुरेसा निवारा त्याशिवायही झाला असता.

ज्या आजी अंथरुणाला खिळून आहेत त्यांच्यासाठी एक लहानशी सूचना. पलंगाशेजारच्या टेबलावर काय असावे, हे त्यांना विचारा. औषधाची डबी आणि पाणी राहील तुमच्या मर्जीने. उरलेली वीतभर जागा त्यांची. माझ्या एका रुग्णाने तिथे बंद पडलेले घड्याळ ठेवायला लावले आहे. मुलाने सेल घालून दिला तर त्यांनी काढून टाकला. कारण मी विचारलेले नाही.

संधिवाताने बोटे वाकलेल्यांना कंट्रोलर धरता येतो का, असे दोन पत्रांत विचारले आहे. येतो. त्यावर जाड स्पंज गुंडाळावा, हात मांडीवरच्या उशीवर टेकवावेत आणि सकाळी सांधे आखडलेले असताना खेळू नये. रात्री वारंवार लघवीला उठण्याविषयी आलेल्या पत्रांना पुढच्या अंकात उत्तरे देईन.